आज्जी पालक नसते का?

गेल्या शनिवारी संध्याकाळी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात पालकसभा झाली आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यपदासाठी मी उभी होते. छत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षिका म्हणून नोकरी करून रिटायर झालेली बाई, आणि उभी कुठं तर ज्या समितीच्या मीटिंगा इतकी वर्षं घेतल्या त्याच समितीत, तेही पालक म्हणून. तेव्हापासून फोनवर सगळे विचारतायत की बाई काय झालं, कसं झालं, आणि मुळात हे डोक्यात आलंच कुठनं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकते, जरा लांबेल पण चालवून घ्या.

आधी गावाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्यापासून जवळ. आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय, द्राक्षाच्या बागा दिसतात, डाळिंब दिसतं, पण आमच्या लहानपणी हा सगळा माळ होता आणि दुष्काळ म्हणजे पाचवीला पुजलेला. त्या दुष्काळानंच इथली माणसं बाहेर काढली. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ ह्या भागातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात गेली, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, मुशीत वितळवायचं, शुद्ध करायचं, टंच म्हणजे त्याचा कस काढून द्यायचा. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ पेठेत जा, एखाद्या बोळात आमच्याकडचा माणूस भट्टीपुढं बसलेला सापडणारच. माझा मुलगा तमिळनाडूत सेलमला आहे, भावकीतला एक विजयवाड्याला, एक कोचीला, एक पाटण्याला.

आता ह्यात पोरांचं काय होतं बघा. तिकडं मराठी शाळा नाही, खोली लहान, दिवसभर भट्टी आणि ॲसिडचा वास, म्हणून पोरं शाळेच्या वयाची झाली की कितीतरी जण त्यांना गावाकडं आज्जी-आजोबांजवळ आणून ठेवतात. आईबाप दिवाळीला येतात, जत्रेला येतात, मे महिन्यात पोरं तिकडं जाऊन येतात, बाकी सगळं वर्ष आज्जी. आमच्या शाळेचा पट ४७, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. चौथीच्या वर्गात बारा पोरं आहेत आणि त्यातली सात आज्जी-आजोबांकडं राहतात, मी दारात उभी राहून मोजलीत. माझी स्वतःची नात तिसरीत आहे, दोन वर्षं झाली ती माझ्याजवळ येऊन.

मी ३१ मे २०२४ ला रिटायर झाले. माझी जन्मतारीख १ जून, आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची आहे तशीच, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली, त्यामुळं एकतीस मेला निरोप समारंभ, नारळ, शाल आणि घरी. घरी आल्यावर पहिल्यांदा मी शाळेकडं फाटकाच्या बाहेरून बघितलं. फाटकाच्या आतनं शाळा वेगळी दिसते आणि बाहेरनं वेगळी दिसते, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

एक साधी गोष्ट सांगते. शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पालकांचा. त्यात नंबर कुणाचे तर दाखल्यावर, अर्जावर जे आहेत त्यांचे, म्हणजे वडिलांचे. आदल्या रात्री साडेआठला मेसेज पडतो, "उद्या जंतनाशक गोळी देणार आहोत, मुलांना नाश्ता करून पाठवावे." तो मेसेज सेलमला जातो, विजयवाड्याला जातो, तिथं माणूस भट्टी बंद करून दमून झोपलेला असतो, तो बघणार दुसऱ्या दिवशी दहाला आणि इकडं आज्जीनं पोराला नुसता चहा पाजून पाठवलेलं असतं. आधार कार्ड आणा, बँकेचं पासबुक आणा, रक्तगट लिहून आणा, प्रत्येक निरोप आधी हजार किलोमीटर लांब जातो आणि तिथनं फिरून गावात येतो, आला तर. मग वर्गात पोराला उभं करून विचारलं जातं, तुझंच कसं राहिलं? पोरगं काय सांगणार.

हे मी शिक्षिका असताना मला का दिसलं नाही असं कुणीही विचारेल. दिसायला पाहिजे होतं.

तर जुलैच्या सुरुवातीला नात वहीत चिकटवलेली नोटीस घेऊन आली. शाळा व्यवस्थापन समितीची पुनर्रचना, सर्व पालकांनी शनिवारी सकाळी साडेदहाला उपस्थित राहावे. मी ती नोटीस दोनदा वाचली आणि ह्यांना म्हटलं, मी उभी राहते. हे नुसतं म्हणाले, "विचार करून सांगतीयस ना?" विचार दोन वर्षं चाललेलाच होता.

ही समिती काय असते ते बऱ्याच पालकांना माहीतच नसतं म्हणून थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या बायका पाहिजेत, दुर्बल आणि वंचित घटकातल्या पोरांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सचिव. काम काय, तर शाळा कशी चाललीय त्यावर लक्ष ठेवायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, आणि आलेला पैसा कुठं गेला ते बघायचं. पैसा म्हणजे फार मोठा नव्हे. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेचं जे शाळा अनुदान येतं ते पट तीसच्या वर आणि शंभरपर्यंत असेल तर वर्षाला २५,००० रुपये, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे, उरलेल्यात लाईटबिल, खडू, रजिस्टरं, फुटलेली कौलं, नळाच्या तोट्या सगळं बसवायचं. ज्यांनी बसवलंय त्यांनाच माहिती किती ओढाताण होते. पण पंचवीस हजार का असेना, कशावर आधी खर्च करायचे हे ठरवायला माणसं बसली पाहिजेत, आणि ती खरंच बसली पाहिजेत, कागदावर नव्हे.

आता मला एक जुनी गोष्ट सांगायचीय, ती न सांगता बाकीचं लिहिणं खोटं होईल.

मी एका वाडीवरच्या शाळेत मुख्याध्यापिका होते तेव्हाची. दर महिन्याला समितीची मीटिंग घ्यायची असा नियम, आणि माणसं यायची नाहीत, मजुरीची माणसं, दिवस बुडवून कोण येणार. मग मी काय करायचे, प्रोसिडिंग आदल्या रात्री घरी लिहून काढायचे, विषय क्रमांक एक, विषय क्रमांक दोन, सर्वानुमते मंजूर, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रजिस्टर पिशवीत घालून घरोघरी फिरायचे सह्यांना. एक बाई होत्या सदस्य, शेंगा काढत होत्या, मी बांधावर उभी. त्यांना लिहिता येत नव्हतं म्हणून मी शाईचा पॅड पण नेलेला. त्यांनी हाताची माती लुगड्याला पुसली, अंगठा पुढं केला, आणि पॅडवर टेकवायच्या आधी मला विचारलं, "बाई, कशाचा वो हा?" मी म्हटलं, "काही नाही, शाळेचंच आहे." त्यांनी लगेच अंगठा उमटवला, आणि अंगठ्याच्या रेषांत माती राहिलेली होती ती पण कागदावर उमटली, त्या शाईत बारीक लाल कण दिसत होते. पैसे रंगरंगोटीचे होते, एक रुपया इकडचा तिकडं झाला नव्हता, ऑडिटला कधी शेरा आला नाही. पण त्या बाईनं मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मी शिक्षिका असून तिला उत्तर दिलं नाही. प्रश्न विचारणाऱ्या पोराला मी वर्गात कधी गप्प बसवलं नाही, आणि तिला मात्र मी गप्प बसवलं. इतकी वर्षं झाली तरी तो बांध डोळ्यापुढनं जात नाही.

म्हणून उभं राहायचं होतं. कुणाची चूक काढायला नव्हे.

सगळ्यात आधी मी सध्याच्या मुख्याध्यापिका मॅडमना भेटायला गेले, कारण त्यांना दुसऱ्याकडनं कळलं असतं तर वाईट झालं असतं. चाळिशीच्या आतल्या आहेत, कष्टाळू आहेत, दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापक म्हणजे एका बाजूला वर्ग आणि दुसऱ्या बाजूला ऑनलाईन माहिती भरत बसायचं, मला ठाऊक आहे ते. मी सांगितलं तशा त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मॅडम खरं सांगू का, तुम्ही समितीत आलात की मला रोज तपासणीसापुढं पाठ घेतल्यासारखं होणार. तुम्ही सगळं ओळखता. रजिस्टर कसं भरतो ते, तपासणीच्या आधी काय करतो ते." मला त्यांचं बोलणं लागलं नाही, खरंच होतं ते. मी त्यांना म्हटलं की मी वर्गात पाऊल ठेवणार नाही, तुम्ही कसं शिकवता त्यावर एक शब्द बोलणार नाही, ते तुमचं काम आहे आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा नवीन पद्धतीनं येतं. मला बघायचंय ते वर्गाच्या बाहेरचं. सहा नळांपैकी चार नळांना तोट्या नाहीत, पोरं खिचडी खाऊन दोन नळांवर रांगेत उभी राहतात आणि मागची तशीच हात चड्डीला पुसून वर्गात जातात, ते बघायचंय. आणि पोषण आहाराचं चव रजिस्टर बघायचंय.

चव रजिस्टरचं जरा सांगते. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सगळं मिळून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं ते गणित आहे. जेवण वाढायच्या आधी कुणीतरी मोठ्यानं खाऊन बघायचं आणि वहीत लिहायचं. बहुतेक शाळांत ती वही उघडली तर एकाच पेननं एकाच बसणीत महिनाभराचं "चांगली, चांगली, चांगली" लिहिलेलं दिसेल, मी पण लिहिलंय. पण एखादी आज्जी आठवड्यातनं दोनदा येऊन खरंच एक घास खाऊन गेली तर ती पहिल्याच दिवशी सांगेल की डाळ शिजली नाही किंवा तिखट जास्त पडलंय, पहिलीच्या पोराला झेपायचं नाही. ह्यासाठी डीएड लागत नाही. उलट मला वाटतं ह्या कामात आज्ज्या आमच्यासारख्या शिक्षकांपेक्षा सरस ठरतील.

मॅडमनी चहा केला. आणि एक मोठं काम त्यांनी माझ्या एका शब्दावर केलं, सभेची वेळ बदलली. सकाळी साडेदहाला बायका बागेत मजुरीला असतात, त्यावेळी सभा ठेवली की कोण येतं ते ठरलेलं, पारावर बसणारी पुरुष मंडळी. संध्याकाळी सहाला ठेवा म्हटलं, त्यांनी ठेवली. सभा किती वाजता आहे ह्यावरनं कोण निवडून येणार हे अर्धं ठरतं, हे मी चांगलं बघितलेलं आहे.

मग सुरू झालं गावातलं बोलणं. दोन दिवसांत तीन जण घरी येऊन गेले. एक म्हणाले, "बाई, मानानं रिटायर झालाय, आता ह्या राजकारणात कशाला पडताय?" दुसरे म्हणाले बिनविरोध करायचं ठरलंय, शाळेत भांडण नको. आणि गावचे एक वडीलधारे अण्णा आले, त्यांनी चांगल्या मनानंच तोडगा काढला होता. समितीत एक जागा शिक्षणतज्ज्ञाची असते. "तुमाला तिथं घेऊ की. मानाची जागा हाय. उभं ऱ्हायला नको, हात मोजायला नको. पालक म्हणून तुमी कशा? पालक तुमचा ल्योक हाय."

हे शेवटचं वाक्य मला हवंच होतं, कारण माझं सगळं भांडण त्या एका वाक्याशीच होतं.

मी आत जाऊन नातीचं प्रगती पुस्तक आणलं आणि अण्णांपुढं ठेवलं. पालकाची सही असं छापलेलं असतं तिथं दोन वर्षं माझी सही आहे. पहिली चाचणी, माझी सही. पहिलं सत्र, माझी सही. लसीकरणाच्या संमतीवर माझी सही, सहलीच्या फॉर्मवर माझी सही. मी म्हटलं अण्णा, पोरीला ताप आला तर फोन मला येतो, पोरगी पडली तर मी पळत जाते, सह्या माझ्या चालतात, आणि समितीत बसायची वेळ आली की पालक सेलमला? आणि ही माझी एकटीची गोष्ट नाही. कायद्यात आई-वडील किंवा पालक असं म्हटलेलं आहे, आणि पालक म्हणजे ज्याच्याकडं मुलाची देखभाल आणि ताबा आहे तो, कलम २ मध्ये व्याख्याच आहे. आणि कायदा राहू दे बाजूला, आपल्या भाषेत पालक म्हणजे काय? जो पाळतो तो, सांभाळतो तो. मी शिक्षणतज्ज्ञ म्हणून गेले तर मी एकटी जाईन, माझ्या नोकरीच्या जोरावर. मी आज्जी म्हणून गेले तर दार सगळ्याच आज्ज्यांना उघडेल, ज्यांना सही पण येत नाही त्यांना सुद्धा.

अण्णा बराच वेळ प्रगती पुस्तक उलटून पालटून बघत बसले. जाताना म्हणाले, "बघा बाई. पर हात कमी आलं तर मनाला लावून घेऊ नका."

त्या आठवड्यात मी घरोघरी गेले. भाषण करायला नाही, नुसतं सांगायला की शनिवारी सहाला या. पुष्कळ आज्ज्यांनी एकच उत्तर दिलं, आमाला काय कळतंय. हे वाक्य ऐकून मला फार त्रास होतो. ज्या बाईनं पाच पोरं वाढवली, दुष्काळात जनावरं जगवली, आता नातवंडं एकटीनं वाढवतेय, ती म्हणते मला काय कळतंय, आणि ते तिला कुणी शिकवलं? आम्हीच शिकवलं, दर वेळी तिला फाटकाच्या बाहेर उभं करून. वरच्या आळीच्या नानींकडं गेले. त्यांचा नातू चौथीत, नात पहिलीत, मुलगा-सून कोचीला. नानी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी सांगितलं की तुमच्या चौथीच्या वर्गातनं तुम्ही स्वतःच उभं राहा. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई." मी म्हटलं, नानी, वाचणारे पुष्कळ आहेत. वाचून दाखवा म्हणणारं कुणी नाही.

बस, एवढंच बोललो. त्या हो पण म्हणाल्या नाहीत आणि नाही पण म्हणाल्या नाहीत.

शनिवारी पाऊस होईल असं वाटत होतं पण आभाळ नुसतं भरून राहिलं. पटांगणात सतरंज्या टाकलेल्या, पुरुष एका बाजूला बायका एका बाजूला, पोरं मध्येच पळतायत. मी इतक्या पालकसभा बघितल्यात पण इतक्या बायका कधी बघितल्या नव्हत्या, काही तर बागेतनं सरळ आलेल्या, डोक्याचं फडकं पण सोडलं नव्हतं. मॅडमनी नियम वाचून दाखवले, इयत्तावार पालकांनी आपापले सदस्य निवडायचे.

पहिली आणि दुसरीचं पटकन झालं. तिसरीत माझ्याविरुद्ध एक जण उभी राहिली, आणि ती माझीच विद्यार्थिनी. दुसरीपर्यंत मी शिकवलेली, आता विट्याला यंत्रमागाच्या कारखान्यात हिशोब लिहायला जाते, तिचा मुलगा तिसरीत. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, मी माघार घेऊ का? मला कसंतरीच वाटतंय." मी तिला मनापासून सांगितलं, अजिबात घेऊ नकोस. दोन बायका समितीसाठी उभ्या राहिल्यात आणि गाव हात मोजतंय, ह्यात कसंतरी वाटण्यासारखं काय आहे? भांडण आहे का हे? बिनविरोधाच्या नावाखाली किती जणींना गप्प बसवलं जातं ते तुला अजून कळायचंय.

मग आक्षेप आला, अपेक्षेप्रमाणे. एक जण उठून म्हणाला की आज्जी-आजोबांचं मत धरायचं का नाही ते आधी ठरवा. मॅडमनी कायद्यातलं वाचून दाखवलं, पोराचा सांभाळ ज्याच्याकडं आहे तो पालक, त्याचं मत धरणार. तरी कुजबुज होतीच. हात वर करायची वेळ आली. एका घरातल्या आज्जीनं माझ्यासाठी हात वर केला आणि तेवढ्यात तिच्या पुतण्यानं फोन पुढं धरला, व्हिडिओ कॉलवर तिचा मुलगा, विजयवाड्यावरनं. तो म्हणत होता, आई हात खाली घे, आपलं तिकडं ठरलंय, पोराचा बाप मी आहे, मत माझं. सगळी सभा बघत होती. म्हातारीनं हात खाली घेतला नाही. तिनं फोनकडं तोंड करून विचारलं, "रातीचं पोरगं तापलं तर तू येतोस का रं विजयवाड्यावरनं?"

फोनवरनं काही उत्तर आलं नाही. मॅडमनी तो हात मोजला.

माझ्या त्या विद्यार्थिनीला सहा मतं पडली आणि मला पाच. अकरा पोरांचा वर्ग, अकरा हात, एका हातानं मी हरले. वाईट वाटलं का, वाटलं. खूप वाटलं. मी काही संत नाही, पाच दिवस उन्हातान्हात घरोघरी फिरले होते आणि मला ती जागा हवी होती. तिनं येऊन पायाला हात लावला तेव्हा मी तिला सांगितलं की नळाच्या तोट्यांपासून सुरुवात कर आणि व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आज्ज्यांचे नंबर घ्यायला लाव, ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांना शेजारच्या घरातनं निरोप जायची सोय कर. तिनं लगेच मोबाईलमध्ये टाईप करून घेतलं. पोरगी हिशोबाची पक्की आहे, शाळेत असताना पाढे बरोबर येईपर्यंत जेवायला उठायची नाही.

मग चौथी. मॅडमनी विचारलं कोण उभं राहतंय. कुणीच नाही. दोनदा विचारलं. आणि बायकांच्या घोळक्यात मागं बसलेल्या नानींनी गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठून उभं राहून सांगितलं, "माझं नाव घाला." दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, त्यामुळं हात मोजायची वेळच आली नाही.

सभा संपेपर्यंत साडेसात वाजले, अंधार पडला, व्हरांड्यातला एक बल्ब लावला. माणसं उठून जायला लागली. मॅडम टेबलावर प्रोसिडिंग लिहीत होत्या, नवीन सदस्य सह्या करायला रांगेत. मी दारात चप्पल घालत होते, नात माझा पदर धरून आज्जी चल म्हणत होती. नानींचा नंबर आला. मॅडमनी शाईचा पॅड उघडून पुढं सरकवला आणि कुठं अंगठा लावायचा तिथं बोट ठेवलं.

नानींनी हात पदराला पुसला. पॅडकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, आणि हात तसाच मागं घेतला.

"आदी वाचून दावा," त्या म्हणाल्या, "मग लावते."

मॅडमनी एकदा दाराकडं बघितलं, माझ्याकडं. मी काहीच बोलले नाही. मग त्यांनी खुर्ची जरा बल्बखाली ओढून घेतली, रजिस्टर हातात धरलं आणि पहिल्या ओळीपासनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आणि ज्यांनी आधीच सह्या केल्या होत्या ते पण परत फिरून टेबलाभोवती ऐकत उभे राहिले.